कलेवर जुने, इंजिन नवे

जनरल मोटर्स या अमेरिकेतील बलाढ्य कंपनीच्या वरिष्ठांनी १९६३ च्या सुमारास आपल्या सर्व शाखांना असा दंडक घालून दिला होता की, मध्यम आकाराच्या मोटारीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसविता कामा नये. आणि या दंडकाला बगल देऊनच पॉन्टिअ‍ॅक शाखेचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रसेल गी यांनी टेंपेस्ट नावाच्या एका सोज्वळ, कुटुंबवत्सल मोटारीत थोरल्या गाडीसाठी घडविलेले ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, आठ नळकांड्यांचे इंजिन उतरविले. दंडक मोटारीच्या मूळ इंजिनापुरता होता. गिऱ्हाइकाने जादा रक्कम मोजून स्वेच्छेने मागविलेल्या साहित्याविषयी त्यात चकार शब्द नव्हता. आणि एवढ्या फटीतून १९६४ सालची जीटीओ ही मोटार बाहेर पडली. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा ज्या मालाविषयी दरबारी अंदाज होता, त्याच्या पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या विकल्या गेल्या, आणि ‘मसल कार’ म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या मोटारींच्या कुळाचा ओघ तेथून सुरू झाला. १९७० चा हवाशुद्धीचा कायदा, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट या तिहेरी माऱ्यापुढे हे कूळ दहा वर्षांच्या आतच निस्तेज झाले, ही गोष्ट निराळी.

या हकिगतीतील एका बारीक तपशिलाकडे मात्र लक्ष वेधले पाहिजे. टेंपेस्टचे मूळचे ३२६ घनइंची इंजिन आणि हे ३८९ घनइंची इंजिन यांचे बाह्य आकारमान सारखे होते. त्यामुळे ज्या आधारांवर पहिले टेकत होते त्यांवरच दुसरेही टेकले, आणि कारखान्याला एकही नवा साचा ओतावा लागला नाही. म्हणजे ज्या मोटारींच्या ‘अस्सलपणा’च्या नावाने आज हौशी मंडळी परस्परांशी हमरीतुमरीवर येतात, त्यांच्या मूळपुरुषाचा जन्मच मुळी परक्या इंजिनाच्या आरोपणातून झाला आहे. जुन्या मोटारीच्या कलेवरात नवे इंजिन बसविणे हे पातक की पुण्य, या वादात म्हणूनच मला फारसे स्वारस्य वाटत नाही. ते इंजिन बसविल्यानंतर मोटारीच्या इतर अवयवांवर काय ओढवते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि प्रस्तुत प्रकरणाचा बराचसा भाग त्यालाच दिला आहे.

यवतमाळहून धामणगावच्या रेल्वे स्थानकाकडे निघालेल्या माणसाला वाटेत लागणारे बाभुळगाव हे काळ्या जमिनीचे आणि कपाशीचे तालुक्याचे ठिकाण आहे. तेथील गॅरेजांतून ट्रॅक्टर, ट्रॉल्या, मालवाहू टेम्पो आणि प्रवासी वाहतुकीच्या जीपगाड्या यांचीच वर्दळ असावयाची, आणि आठ नळकांड्यांची अमेरिकन मोटार तेथे कोणी कधी उघडून पाहिली असेल असे वाटत नाही. परंतु आपल्या देशातही एक मोटार अशी आहे की, जिचे लांबलचक नाक, रुंद बैठक आणि मागच्या चाकांना मिळणारी चाल पाहून लोकांनी तिला ‘भारताची मसल कार’ ही पदवी आपखुशीने बहाल केली. ही मोटार म्हणजे हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा.

कॉन्टेसाची कुळकथा ऐकली म्हणजे अस्सलपणाचा अभिमान बाळगणाऱ्याने थोडा विचार करावा. तिचे शरीर इंग्लंडमधील व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हीएक्स मालिकेचे. ती मालिका १९७८ साली तेथे बंद पडल्यावर तिची साचेसामग्री हिंदुस्थान मोटर्सने विकत घेतली आणि १९८४ साली कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथील कारखान्यातून ही मोटार भारतीय नाव धारण करून बाहेर पडली. शरीर असे रुबाबदार. आणि आत बसविले काय, तर अ‍ॅम्बॅसडरच्या पोटात वर्षानुवर्षे खोकत असलेले ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे १४८९ घनसेंटिमीटरचे, पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन! दिमाख सरदाराचा आणि मिळकत कारकुनाची, अशी तिची अवस्था होती. काही वर्षांतच कारखान्याने आपली चूक सावरली, आणि इंदूरजवळच्या पिथमपूर येथे जपानच्या इसुझू कंपनीच्या सहकार्याने बनू लागलेले १८१७ घनसेंटिमीटरचे, सुमारे ८८ अश्वशक्तीचे इंजिन पाच गतींच्या गिअरबॉक्ससह तिच्यात बसविले. पुढे डिझेल इंजिनही आले, आणि २००२ साली तिचे उत्पादन थांबले. तेव्हा कॉन्टेसाचे ‘मूळ’ इंजिन कोणते, या प्रश्नाचे उत्तर देताना इंग्लंडातील मोटार, बंगालमधील जुळणी आणि जपानी आराखडा यांपैकी कोणाचा वारसा कबूल करावयाचा, हे आधी ठरवावे लागेल.

त्या काळात आपल्याकडे असे प्रयोग एकापाठोपाठ एक झाले. सोलापूरच्या भूमीत जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्याने १९८५ मध्ये फियाट १२४ या इटालियन मोटारीच्या कलेवरात निसानचे ११७१ घनसेंटिमीटरचे जपानी इंजिन घालून ‘११८एनई’ ही मोटार विक्रीस आणली, आणि ती बऱ्यापैकी नांदली. त्याच सुमारास मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने नेमके उलटे केले: रोव्हरच्या एसडी१ या अत्यंत आधुनिक आणि देखण्या मोटारीत आपल्या जुन्या व्हॅनगार्डचे दोन लिटरचे इंजिन बसविले, किंमत भारी, चाल मंद आणि पेट्रोलचा खप उदंड, अशा या ‘स्टँडर्ड २०००’कडे गिऱ्हाइकाने लवकरच पाठ फिरविली. जुन्या शरीरात नवे इंजिन चालून गेले, नव्या शरीरात जुने इंजिन चालले नाही, असा या दोन उदाहरणांचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु दोन मोटारींवरून सिद्धांत उभारणे हे जरा अतिच होईल.

कारखानदारांनी जे दोन-तीन वेळा केले, ते आमच्या वऱ्हाडातील मिस्त्र्यांच्या नित्यपाठातील होते. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबईत जुळवणी सुरू केलेल्या विलीज जीपमध्ये २.२ लिटरचे, साठ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. तेलसंकटानंतर पेट्रोलचे दर कडाडले आणि करांच्या सवलतीमुळे डिझेल त्या मानाने स्वस्त राहिले, तेव्हा सरकारी खात्यांच्या लिलावात निघालेली पेट्रोल जीप घ्यावयाची आणि तिला डिझेल इंजिन लावावयाचे, हा व्यवहार सर्वत्र रूढ झाला. महिंद्रांनी स्वतःही प्रथम इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातील व नंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनविलेली डिझेल इंजिने आपल्या जीपगाड्यांत घातली. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात मर्सिडीझच्या परवान्याने बनणारे डिझेल इंजिन अ‍ॅम्बॅसडरमध्ये उतरविणाऱ्या मिस्त्र्यांचीही वाण नव्हती. या साऱ्या उद्योगामागे सौंदर्यदृष्टी नव्हती. मैलामागे किती आणे वाचतात हा रोखठोक जमाखर्च होता. हौसेखातर इंजिन बदलणारी पिढी पुष्कळ नंतर आली, परंतु तिच्या हाताशी जे कसब आले ते या पोटापाण्याच्या धंद्यातून आले, हे विसरता येत नाही.

आता मोटारीत इंजिन बदलणे ही गोष्ट वरवर वाटते तितकी सुटसुटीत का नाही, हे पाहू. आमच्याच जिल्ह्यातील यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंद मार्गावरील ‘शकुंतला’ गाडीला मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन सत्तर वर्षे ओढीत होते. १९९४ साली ते निवृत्त होऊन त्या जागी डिझेल इंजिन आले, आणि डब्यांना या स्थित्यंतराची वार्ताही लागली नाही, कारण इंजिन आणि डबा यांचा संबंध मुख्यतः एका आकड्यापुरता. मोटारीत मात्र इंजिन हे आधारांनी शरीराला, क्लचने गिअरबॉक्सला, पाइपांनी रेडिएटरला, सायलेन्सरला व टाकीला, तारांनी बॅटरीला आणि दांड्यांनी व केबलींनी चालकाच्या हातापायांना बांधलेले असते. आणि यांपैकी एक गाठ सोडली की दुसऱ्या तीन नव्याने बांधाव्या लागतात.

बळाच्या हिशेबापासून आरंभ करू. समजा, कॉन्टेसातील जुन्या दीड लिटरच्या इंजिनाऐवजी कोणी टोयोटा इनोव्हाचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन बसविले. त्याची शक्ती १०२ अश्वशक्ती, आणि टॉर्क, म्हणजे दांड्याला पीळ देण्याचे सामर्थ्य, २०० न्यूटन-मीटर, जुन्याच्या जवळपास दुप्पट. पहिल्या गिअरमध्ये हा पीळ गिअरबॉक्समध्ये सुमारे चौपट आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये पुन्हा सुमारे चौपट होतो, म्हणजे मागच्या आसाशी तो ३२०० न्यूटन-मीटरच्या घरात जातो. जो आस, जो क्राऊन-पिनियन आणि जो प्रोपेलर शाफ्ट याच्या निम्म्या भारासाठी घडविला गेला, तो पहिल्या दिवशी मोडत नाही. तो सहा महिन्यांनी, भरल्या गाडीत, चढावर मोडतो. जुन्या बंडीला तरणी खोंडे जुंपली म्हणजे जो न्याय जोखडाला आणि आऱ्यांना लागू पडतो, तोच येथेही.

यापुढची अडचण सूक्ष्म आहे आणि म्हणून तिच्याकडे फार वेळा दुर्लक्ष होते. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे सांधे असतात, ज्यांना गॅरेजात ‘क्रॉस’ म्हणतात, त्यांचा स्वभाव असा की, सांधा वाकलेल्या स्थितीत फिरू लागला की एकसारख्या गतीने आलेली चाल तो एकसारख्या गतीने पुढे देत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. मागच्या टोकाचा सांधा जर तितक्याच अंशांनी वाकलेला असेल, तर तो ही चढउतार उलट दिशेने करून भरपाई करतो आणि चाकापर्यंत चाल पुन्हा समगती पोहोचते. याचा व्यावहारिक अर्थ इतकाच की, गिअरबॉक्सचा दांडा आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा दांडा हे परस्परांशी समांतर असले पाहिजेत. इंजिनाचे तेलपात्र पुढच्या आडव्या तुळईला घासते म्हणून मिस्त्रीने इंजिन पुढून अंगुळभर उचलले, तर ही समांतरता बिघडते. गाडी चाळीसच्या वेगाला शहाण्यासारखी चालते आणि ऐंशीला अंगात आल्यासारखी थरथरू लागते. मग चाकांचे बॅलन्सिंग होते, टायर बदलले जातात, इंजिनाचे रबर बदलले जाते. एका साध्या कोनमापकाने जे पाच मिनिटांत कळले असते, ते महिनाभर कोणाच्याच ध्यानात येत नाही. या साऱ्या विद्येत चेनकप्पीने इंजिन आत सोडण्याचे काम सर्वांत नाट्यमय दिसते, पण कौशल्य मोजमापात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उष्णतेचा प्रश्न तर आमच्या मुलखाचा खास आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकील हे त्यातील पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील अंतरावर अवलंबून असते. पाणी ९५ अंशांचे आणि हवा ३० अंशांची असेल, तर अंतर ६५ अंशांचे. मे महिन्यात यवतमाळ-बाभुळगावच्या रस्त्यावर पारा ४५ अंशांवर चढला की तेच अंतर ५० अंशांवर येते, म्हणजे त्याच रेडिएटरची कर्तबगारी जवळजवळ चतुर्थांशाने घटते. पुण्याच्या हवेत बिनबोभाट चाललेली जुळणी वऱ्हाडात उकळू लागते ती याच कारणाने. आणि म्हणून नव्या इंजिनासाठी रेडिएटर निवडताना तो पुढच्या जाळीमागे मावतो की नाही, एवढे पाहून भागत नाही.

नव्या इंजिनाच्या बाजूनेही एक सबळ पुरावा आहे, आणि तो मोटारीत नसून पेट्रोल पंपावर आहे. जुन्या ब्रिटिश इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका शिसेयुक्त पेट्रोल गृहीत धरून बनविलेल्या होत्या. १ फेब्रुवारी २००० पासून तसे पेट्रोल देशभर बंद झाले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाते. उसाच्या मुलखाला ते लाभदायक असले तरी जुन्या कार्ब्युरेटरमधील रबरी पडदे आणि नळ्या त्याने कुजतात व फुगतात. तेव्हा ‘जसे होते तसेच ठेवा’ असे म्हणणाऱ्यानेही निदान रबर आणि व्हॉल्व्हच्या बैठका बदलण्याची तजवीज ठेवावी. आधुनिक इंजिनाला मात्र निराळे चोचले लागतात. कार्ब्युरेटरला फुंकरीएवढ्या दाबाने पेट्रोल पुरते. इंजेक्शनच्या इंजिनाला ते तीन बारच्या आसपासच्या दाबाने हवे, म्हणजे टाकीत विजेचा पंप, दाब सोसणाऱ्या नळ्या आणि बहुधा परतीची वाट, असा सगळा सरंजाम नव्याने मांडावा लागतो. शिवाय या इंजिनाचा कारभार ज्या संगणकाच्या मुखत्यारीत असतो, त्याला क्रँकची स्थिती, हवेचा पुरवठा, धुरातील प्राणवायू यांची खबर क्षणोक्षणी पोहोचावी लागते; कित्येकदा तर मूळ गाडीची किल्ली ओळखल्याशिवाय तो इंजिन सुरूच होऊ देत नाही. म्हणून अशा कामासाठी अर्धवट कापलेल्या तारांसकटचे इंजिन कुर्ल्याच्या भंगार बाजारातून स्वस्तात उचलण्यापेक्षा, संपूर्ण वायरिंग, संगणक आणि किल्ली यांसह अपघातग्रस्त गाडीच घेतलेली बरी.

कलेवराच्या दुरुस्तीविषयी थोडक्यात सांगतो. जीपला स्वतंत्र चेसिस असते, त्यामुळे वरचा पत्रा सडला तरी हाडे शाबूत राहू शकतात; कॉन्टेसाचे तसे नाही, तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दारांखालच्या पट्ट्या, पायांखालचा पत्रा आणि पुढच्या सस्पेन्शनच्या भोवतालची जागा गंजली असेल, तर वर लांबी भरून रंग दिल्याने ती सुधारत नाही, फक्त दिसेनाशी होते. लोहचुंबक फिरवून पाहिला की लांबीखालची पोकळी उघड होते. या सांगाड्याला बळकटी देण्यापूर्वी त्यात दुप्पट पिळाचे इंजिन बसविणारा मनुष्य धाडसी असतो, शहाणा असतोच असे नाही. ब्रेकची गोष्टही तशीच. ताशी ८० किलोमीटरऐवजी १२० किलोमीटरने गाडी धावू लागली तर थांबविताना जिरवावयाची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती जिरविण्याचे काम जुन्याच ब्रेकांवर सोपविणे म्हणजे शेवटच्या उतारावर नशिबाचा कौल मागणे होय.

येथवर कारखान्यातील कामाची कथा झाली. कचेरीतील काम अजून बाकीच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ असे सांगते की, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील निर्मात्याने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनाच्या मालकाने करू नये. आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. त्याच बनावटीचे व त्याच जातीचे इंजिन परवानगी घेऊन बसविणे आणि त्याचा क्रमांक दाखल्यात चढवून घेणे, हा सरळ मार्ग आहे. टोयोटाचे इंजिन कॉन्टेसात घालून ‘एमएच २९’च्या पाटीसह यवतमाळच्या परिवहन कचेरीपुढे उभे राहणे हा सरळ मार्ग नव्हे. दाखल्यातील क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक जुळला नाही तर अपघाताच्या वेळी विम्याच्या दाव्याला हरकत निघते, ही बाब हौसेच्या भरात कोणी बोलून दाखवीत नाही. गंमत अशी की, हाच कायदा इंधनाचा प्रकार बदलण्यास सवड देतो: मान्यताप्राप्त संच बसवून पेट्रोलची गाडी बॅटरीवर चालविता येते, आणि असे संच तपासणाऱ्या संस्थांपैकी एक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यातच आहे. एका पेट्रोल इंजिनाच्या जागी दुसरे परके पेट्रोल इंजिन घालण्यापेक्षा इंजिनच काढून टाकणे कायद्याच्या दृष्टीने सुकर ठरावे, हे डिलोरियन यांना आवडले असते की नाही कोण जाणे.

या सर्वांचा विचार करता बाभुळगावात बसून कॉन्टेसा उभी करू पाहणाऱ्याने इनोव्हाच्या किंवा त्याहून दूरच्या जपानी इंजिनांच्या नादी न लागता, तिच्याच घराण्यातील इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन त्याच्या पाच गतींच्या गिअरबॉक्ससह मिळवावे, असे मी म्हणेन. आधार, क्लच, प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि कचेरीतील कागद हे चारही त्याने फारसे न भांडता जुळतात, ब्रेक आणि रेडिएटर तेवढे सुधारून घ्यावे लागतात, आणि सुटे भाग नागपूर, इंदूर अशा टप्प्यांत शोधता येतात. यात विक्रम मोडण्याजोगे काही नाही हे खरे. परंतु ज्याला १२० च्या वेगाहून ती गाडी दर रविवारी विनातक्रार सुरू होणे अधिक प्रिय आहे, त्याला याहून जास्त कशाची गरज असेल असे मला वाटत नाही.

काढलेले दीड लिटरचे इंजिन मात्र भंगारात घालू नये. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी मिळते, आणि त्या स्वरूपात शरीर व चेसिस यांबरोबर इंजिनही मोजले जाते. १९८४ ची कॉन्टेसा त्या वयाला २०३४ साली पोहोचेल. तोवर नळकांड्यांत तेल सोडून, तोंडे बंद करून, क्रमांक दिसेल अशा बेताने ते इंजिन लाकडी ठोकळ्यांवर, जमिनीच्या ओलीपासून दूर ठेवावे, आणि दर पावसाळ्यानंतर त्याचा क्रँक हाताने एकदोन फेरे फिरवून पाहावा.